साबणांत एक डोकं जास्त

मी दचकी बोलतेय. पान उलटायचं असेल तर जरा सावकाश उलटा हं. समोरून काहीही पांढरं सर्रकन गेलं की मी दचकते, आणि एकदा दचकले की पुढचं वाक्य काय होतं तेच आठवत नाही.

तर, मी एक सेन्सर. काड्यापेटीएवढं अंग, पुढे काचेचा एकच डोळा, मागे शेपटीसारखी वायर आणि डोक्यावर नारिंगी दिवा. डोळ्यातून मी सतत बारीकसा लाल उजेड सोडत असते. तो कशावर तरी आपटून परत आला की समजायचं, समोर कुणीतरी आहे. मग माझा दिवा पेटतो आणि वायरीतून निरोप जातो, 'आलं! आलं! काहीतरी आलं!' काय आलं ते मला कळत नाही. ते विचारायची आमच्यात पद्धतच नाही. माणसांमध्ये दचकणाऱ्या मुलीला सगळे सांगतात, 'अगं, एवढं काय घाबरायचं?' आमच्यात उलटं. जी दचकते ती पास.

माझा जन्म झाला त्या दिवशीच आमची परीक्षा झाली. पांढऱ्या कोटातल्या एका बाईंनी आम्हा बहिणींना ओळीनं बसवलं आणि प्रत्येकीसमोर एक पांढरा कागद धरला. मी कागद यायच्या आधीच दचकले. म्हणजे बाईंच्या कोटालाच दचकले. बाई म्हणाल्या, "ही जरा जास्तच आहे." पण शिक्का मारला. माझ्या शेजारची बहीण मात्र फार शांत स्वभावाची होती. कागद आला, गेला, ती आपली गप्प. मला तिचं केवढं कौतुक वाटलं! तिला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तेव्हापासून शांत बसायची मला धास्तीच आहे.

पुढे मी एका दुकानाच्या फळीवर खोक्यात पडून राहिले. सोबतीला एक माहितीपत्रक होतं. त्यात माझ्याविषयी सगळ्या धोक्याच्याच सूचना होत्या. पाण्यात टाकू नये, आपटू नये, उन्हात ठेवू नये. ते वाचून माझी आणखीच गाळण उडाली. त्या आधी मला ऊन ही गोष्ट माहीतसुद्धा नव्हती.

मला विकत घेतलं ते ताईनं.

ताई सॉफ्टवेअरवाली. कितीतरी वर्षं तिनं काचेच्या इमारतीत बसून प्रोग्रॅम लिहिले. तिनं लिहिलेलं सगळं पडद्यावरच हलायचं, पडद्यावरच बिघडायचं आणि पडद्यावरच दुरुस्त व्हायचं. एके दिवशी तिच्या डोक्यात आलं की आपल्या प्रोग्रॅमनं खरंखुरं काहीतरी हलायला हवं. लोखंडाचं. वजनाचं. झालं, नोकरी सोडली आणि टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कंपनी काढली. कारखान्यांची यंत्रं आपापली चालावीत, मोजावीत, ढकलावीत, थांबावीत, अशी व्यवस्था बसवून देणारी कंपनी. कंपनी म्हणजे ताई, तिचे काका आणि एक पंखा. पंखा भाड्यात आला होता.

ताईचा पहिला लोखंडी हात पहिल्यांदा हलला तो दिवस मी पाहिलाय. तो डौलात फिरला आणि टेबलावरचा चहाचा कप त्यानं अलगद खाली ढकलून दिला. कप फुटला. ताईचा हात आपोआप कीबोर्डवर गेला, केलेलं मागे घ्यायचं बटण दाबायला. दोनदा दाबलं तिनं. कप काही परत जुळेना.

"आता झाडू आण," काका म्हणाले. "त्याचं बटण नसतं."

काका म्हणजे ताईच्या वडिलांचे धाकटे भाऊ, जन्मभर फिटरचं काम केलेले. सॉफ्टवेअरवर त्यांचा राग होता. "ज्या वस्तूला पान्यानं पिळता येत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" असं ते म्हणायचे आणि माझ्या पाठीवरचा स्क्रू पिळायचे. त्या स्क्रूनं माझं दचकणं कमी-जास्त होतं. मला गुदगुल्या व्हायच्या.

दचकी हे नाव मला ताईनंच दिलं. मी माशीला दचकायचे, चहाच्या वाफेला दचकायचे, ताईच्या पांढऱ्या दुपट्ट्याला तर रोज. "ही अगदी माझ्यावर गेलीय," ताई म्हणाली. खरंच होतं ते. फोन वाजला की आम्ही दोघी एकदमच उडायचो.

आता आईची परीक्षा सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. ताईच्या कंपनीचा एक नियम होता. कुठलंही यंत्र बाहेर जाण्याआधी ताईच्या आईनं ते बिघडवायचा प्रयत्न करायचा. आईंना यंत्रातलं काही कळत नव्हतं, आणि त्याचसाठी त्यांना बोलावत. त्या जिना चढून यायच्या, पदर खोचायच्या आणि विचारायच्या, "कुठलं मोडायचंय?" मग जे दाबू नये ते दाबायच्या, जिथे बोट घालू नये तिथे उलथनं घालायच्या, सगळी बटणं एकदम, मग एकही नाही. यंत्र तरीही शहाण्यासारखं वागलं तर आई म्हणायच्या, "जाऊ दे सासरी." मगच ते जायचं.

माझीही परीक्षा झाली. आईंनी माझ्यासमोर ओला हात धरला, स्टीलची वाटी धरली, उशीचा अभ्रा झटकला. त्यांना मी दचकले, पण कारखान्यात पट्ट्यावर अभ्रा कुठून येणार, म्हणून ते माफ झालं. मग पट्ट्यावरून साबणाच्या वड्या जात असताना स्वतः खाली वाकून डोकं मध्ये घातलं. मी ढिम्म. ताईनं डोकं घातलं. ढिम्म. काकांनाही वाकायला लावलं. तरी ढिम्म. काळ्या रंगावर माझा उजेड जिरून जातो, परत येत नाही. आणि या घराण्यात केस म्हणजे काय सांगू, एकेकाच्या डोक्यावर जंगल! आई खूश झाल्या. "माणसं ओळखते हो ही. साबणालाच दचकते. जाऊ दे सासरी."

माझं सासर म्हणजे साबणाचा कारखाना.

ती ताईची पहिली मोठी ऑर्डर होती, पण आधी चाचणी. महिनाभर यंत्र बिनचूक चाललं तर मॅनेजरसाहेब सही करणार आणि सगळ्या कारखान्याचं काम ताईला मिळणार. नाही चाललं तर टायरच्या दुकानावरच्या खोलीला कुलूप आणि ताई पुन्हा काचेच्या इमारतीत.

आणि नुसती ताईच अडकलेली नव्हती त्यात. ताई जिथे शिकली ती शाळा जवळच होती. दर शनिवारी ती तिथे जाऊन मुलांना वायरी जोडायला शिकवायची. शिकवायला जागा नव्हती म्हणून मुख्याध्यापिका मोठ्या बाईंनी तुटके बाक ठेवायची खोली रिकामी करून दिली होती. मुलांनी भिंती रंगवल्या, दारावर पाटी लावली, 'यंत्रशाळा'. आत यंत्र मात्र एकही नव्हतं. ते या ऑर्डरमधून येणार होतं. तुटके बाक तोवर व्हरांड्यात, आणि मोठ्या बाई येता-जाता त्यांना अडखळायच्या.

"सुट्टी संपेपर्यंत यंत्रं आली तर खोली तुझी," त्या ताईला म्हणाल्या होत्या. "नाहीतर बाक आत. माझी नडगी किती दिवस सोसणार?"

तर अशी दोन-दोन घरं डोक्यावर घेऊन मी कारखान्यात गेले. पट्ट्याच्या वर मला तिरकं बसवलं. खालून काळ्या पट्ट्यावर पांढऱ्याशुभ्र वड्या यायच्या. वडी आली की मी दचकायचे. बारा वेळा दचकले की पुढचा लोखंडी हात तेवढा माल खोक्यात ढकलायचा. मग पॅकिंगच्या टेबलावर मावशी खोकं बंद करायच्या. दिवसभर दचकायचं, दचकायचं आणि दचकायचं! मला एवढं उपयोगी कधीच वाटलं नव्हतं.

मॅनेजरसाहेब म्हणजे शिस्तीचा पुतळा. बूट चकचकीत, चष्मा चकचकीत आणि डोकं त्याहून चकचकीत. त्यावर एकही केस नव्हता, आणि हा विषय कारखान्यात कुणी काढत नसे. मागे कुणीतरी त्यांना वाढदिवसाला कंगवा दिला होता म्हणे. तो माणूस आता गोदामात असतो.

साहेबांना एक सवय होती. वडीचा वास बरोबर जमलाय की नाही, ते स्वतः हुंगून बघायचे. तेही वडी हातात न घेता, कारण बोटांचे ठसे उमटतात. म्हणून ते पट्ट्यावर वाकायचे, डोळे मिटायचे आणि लांब श्वास घ्यायचे.

पहिल्यांदा ते वाकले तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. बाई गं! केवढी वडी! गुळगुळीत, गोल, लखलखीत! माझा लाल उजेड तिच्यावर असा काही आपटून परत आला की माझा दिवा पेटायचा राहतोय कशाला. 'आलं! आलं!' निरोप गेला. पडद्यावर आकडा एकनं वाढला. आणि त्या खोक्यात अकराच वड्या गेल्या. बारावं साहेबांचं डोकं होतं.

ते दिवसातून कितीतरी वेळा हुंगायचे.

थोड्याच दिवसांत बोंब झाली. गिऱ्हाइकांची खोकी कमी भरायला लागली. पडद्यावर वड्या जास्त, खोक्यांत कमी. ताई धावत आली. लॅपटॉप उघडून बसली आणि प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. काकांनी पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. आणि तेवढा सगळा वेळ मॅनेजरसाहेब हात मागे बांधून शेजारी ताठ उभे, पाहुण्यांसमोर हुंगायचं कसं म्हणून. ते वाकेनात, मी दचकेना, आकडे तंतोतंत जुळत. ताई गेली की साहेब सुटकेचा श्वास सोडायचे. तोही पट्ट्यावर वाकून.

मी काय सांगणार होते? माझ्या भाषेत एकच शब्द आहे, आणि तोच घात करत होता.

शेवटी साहेबांनी त्यांच्या पद्धतीनं शोध लावला. "यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "वड्या पट्ट्यावरून गेल्या, खोक्यात पोचल्या नाहीत. मध्ये कोण आहे? पॅकिंगवाली."

मावशींनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "मी? मी साबण चोरते?"

"मी नाव घेतलं नाही."

"मध्ये मी एकटीच तर उभी असते! साहेब, मला या वासानं दिवसभर शिंका येतात. घरी गेले की नवरा म्हणतो, लांब बस. मी तुमचा साबण नेऊन करू काय? ऑं... ऑं..." आणि मावशी एवढ्या जोरात शिंकल्या की समोरचं खोकं उघडलं.

"शिंक हा पुरावा होत नाही," साहेब म्हणाले. "चाचणीचा शेवटचा दिवस होऊ दे. तोवर आकडे जुळले नाहीत तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मावशी त्या दिवशी सगळी खोकी दोन-दोनदा मोजत होत्या. मोजताना पुटपुटत होत्या आणि मधूनच डोळे पुसत होत्या. शिंकांमुळे असेल, असं मी स्वतःला समजावलं. पटलं नाही.

चाचणीचा शेवटचा दिवस उजाडला. ताईनं कधीतरी हौसेनं ठरवून ठेवलं होतं की त्या दिवशी शाळेची मुलं कारखाना बघायला येतील, सही होईल आणि सगळे टाळ्या वाजवतील. आता तिला ते आठवून घाम फुटत होता, पण मुलं यायची थोडीच थांबणार? आली. मोठ्या बाई आल्या. आईसुद्धा आल्या, कारण 'लेकीच्या सासरी एकदा जाऊन यावं.'

मॅनेजरसाहेब मुलांना बघून एकदम विरघळले. असं काही होईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. चकचकीत बुटांच्या टाचा उचलून उचलून ते समजावत होते, साबण कसा शिजतो, कसा कापतात, शिक्का कसा मारतात. मुलांनी आकड्यांच्या पडद्यापुढे ही गर्दी केली! ताई मागे राहिली. तिला पडदा दिसेना. इकडून डोकावली, तिकडून डोकावली. मग काहीच बघायला उरलं नाही म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा! एरवी ती सारखी पडद्यालाच विचारायची, मी कशी आहे ते.

"आणि सगळ्यांत महत्त्वाचा वास," साहेब मुलांना म्हणाले. "नाक जवळ न्यायचं. असं." आणि वाकले.

माझा दिवा पेटला.

ताईनं डोळे बारीक केले. साहेब उठले. पुन्हा वाकले. पुन्हा दिवा. माझ्या उजेडात त्या क्षणी वडी नव्हती, वडी अजून हातभर लांब होती.

"अगं बाई," ताई पुटपुटली आणि तिनं काकांची बाही धरली. "काका. डोकं."

"कुणाचं?"

"हळू! साहेबांचं. दचकी त्यांना मोजतेय."

काकांनी बघितलं. साहेब तिसऱ्यांदा हुंगत होते. काकांचा चेहरा असा झाला की हसू येतंय की रडू, त्यांनाच ठरवता येईना. मग ते ताईच्या कानाशी लागले. "गप्प राहा. ऐक माझं. मी मागचा स्क्रू जरासा पिळतो, कुणाला कळणार नाही. आजचे आकडे जुळतील. सही होऊ दे, मुलांची खोली होऊ दे. या माणसाला टकलाचा ट सुद्धा चालत नाही, पोरी. सगळं मुसळ केरात जाईल."

ताईनं माझ्या पाठीवरच्या स्क्रूकडे पाहिलं. मला दिसत होतं ना, मी त्यांच्या अगदी वर होते. स्क्रू पिळायचा, बस्स. माझा तरी काय तोटा होता? मीही वाचले असते.

"आणि मागची कमी भरलेली खोकी?" ताईनं विचारलं. "ती कुणाच्या नावावर जाणार?"

काकांनी स्क्रूकडे नेलेला हात मागे घेतला. पलीकडे टेबलावर मावशी शिंकल्या.

मग ताई पुढे झाली. मी सांगते, जी मुलगी फोन वाजला तरी उडते, तिनं मुलांच्या गर्दीतून वाट काढत कारखान्याच्या मॅनेजरपुढे जाऊन उभं राहायचं म्हणजे काय, ते माझ्यासारखीलाच कळेल.

"साहेब," ती म्हणाली. कुणी ऐकलंच नाही. पुन्हा म्हणाली, "साहेब, मावशींनी काही घेतलेलं नाही. चूक आमच्या यंत्राची आहे. तुम्ही... तुम्ही एकदा पुन्हा वाकाल का? आणि मुलांनो, तुम्ही पडद्याकडे बघा."

साहेब वाकले. दिवा. आकडा एकनं वाढला.

"आता वर या. आता परत."

दिवा. आकडा. कुणीतरी मागून खुदकन हसलं आणि मोठ्या बाईंनी नुसतं त्या दिशेला पाहिलं. हसू बंद.

साहेब वाकलेल्या अवस्थेतच होते. तसेच मान वळवून त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं डोकं..."

"हो."

"साबण म्हणून..."

"हो, साहेब. रोज. पहिल्या दिवसापासून."

ते सरळ झाले. त्यांच्या डोक्याचा रंग पांढऱ्यावरून गुलाबी झाला, गुलाबीवरून लाल. माझी तर बोबडीच वळली. आता संपलं, मला वाटलं. गोदामातल्या त्या कंगव्यावाल्याशेजारी आम्ही सगळे.

तेवढ्यात पदर खोचल्याचा आवाज आला.

"चूक माझी आहे," आई म्हणाल्या. "यंत्र मोडायचं काम माझ्याकडे असतं. मी वाटी धरली, अभ्रा झटकला, घरातल्या सगळ्यांची डोकी घातली. पण काय करणार साहेब, आमच्या घरात सगळ्यांना केसच केस. मला सुचलंच नाही की जगात दुसरी पण डोकी असतात."

"आई, पुरे," ताई कळवळली.

"पुरे कसं? अगं, तरीसुद्धा कळलं असतं! भावजींचे केस पांढरेशुभ्र आहेत. ते वाकल्यावर दिवा लागायलाच हवा होता. पण कलप लावतात ना ते!"

"वहिनी!" काका ओरडले.

"मग काय खोटं आहे का? बाथरूमच्या फळीवर मागे लपवून ठेवतात बाटली. उशीचे अभ्रे कोण धुतं? मी धुते!"

सगळा कारखाना काकांच्या डोक्याकडे बघायला लागला. जन्मभराचा फिटर, पान्यानं जग पिळणारा माणूस, आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून उभा! काकांचं काळंभोर जंगल एकदम परकं दिसायला लागलं.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला आणि काकांना नीट न्याहाळलं. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला. मी दचकले. मला वाटलं यंत्र बिघडलं. ते साहेबांचं हसू होतं. बऱ्याच दिवसांत वापरलेलं नसावं, आधी खरखरलं आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. "कलप!" ते म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. "अहो, मला निदान बाटली तरी लपवावी लागत नाही!" मग मुलं सुटली. मोठ्या बाईंनीसुद्धा पदर तोंडाला लावला.

सही मात्र त्या दिवशी झाली नाही. तसं सगळं गोडीगुलाबीनं मिटत नसतं. हसू ओसरल्यावर साहेब पुन्हा शिस्तीचे पुतळे झाले. "माझ्या डोक्याला साबण समजणारं यंत्र मी पास करणार नाही," ते म्हणाले. "दुसरा डोळा बसवा. मी रोज येऊन वाकेन. एकदाही मोजलं नाही तर सही."

मग ते पॅकिंगच्या टेबलाशी गेले आणि घसा खाकरला. बराच वेळ खाकरत राहिले.

"माफी राहू द्या," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला जमायची नाही. मला बिनवासाच्या साबणाकडे बदली द्या."

दिली.

माझ्या जागी नवीन डोळा बसला. थंड डोक्याचा, विचार करून दचकणारा. साहेब रोज त्याच्यापुढे वाकले. डावीकडून वाकले, उजवीकडून वाकले, तेल लावूनही वाकले. आईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "हा माणूस आपल्या कामाचा आहे." सही झाली त्याच दिवशी त्यांनी साहेबांना परीक्षेच्या मंडळावर घेतलं. आता ताईचं कुठलंही यंत्र बाहेर पडण्याआधी आई उलथनं घेऊन येतात आणि साहेब डोकं घेऊन. चहा पिताना दोघं कुठलं यंत्र किती लेचंपेचं आहे यावर भांडतात. काकांनी कलप सोडला. पांढऱ्या केसांचीही चाचणी व्हायला हवी, असं ते कारण देतात.

त्या दिवसांत मी कुठे होते? ताईच्या पर्समध्ये. किल्ल्या, पेन आणि अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पाकिटाशेजारी, अंधारात. वायर गुंडाळलेली. तिथे दचकायला काही नव्हतं आणि मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. शांत पडून राहिले की काय होतं ते मला ठाऊक होतं ना! पर्स उघडली की मला वाटायचं, आता डबा. आता नक्की डबा.

मग एकदा पर्स उघडली आणि समोर पिवळी भिंत होती. मुलांनी रंगवलेली. मध्येच ब्रशचे केस चिकटलेले. टेबलावर एक छोटा काळा पट्टा, एक छोटा लोखंडी हात आणि मला बसवायची एक पट्टी.

"ही जुनी आहे ना, ताई?" एका मुलीनं विचारलं. "कारखान्यातून काढून टाकलेली? मग आम्हाला का?"

मोठ्या बाईंनीही भुवया वर केल्या. शाळेला भंगार दिलं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"बाकी सगळं नवीन आहे," ताई म्हणाली. "हिलाच मुद्दाम आणलंय. नवीन सेन्सर शहाणा आहे, तो चुकत नाही. त्याच्याकडून तुम्ही काय शिकणार? ही चुकते. कशी चुकते, का चुकते, ते शोधून काढा. आणि एक, पडद्याकडे बघत बसू नका. हिच्याकडे बघा."

आता मी इथेच असते. यंत्रशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर. तुटके बाक मुलांनीच दुरुस्त केले आणि आत आणले. त्यांवर बसूनच मला छळतात. माझ्यासमोर पांढरा बूट धरतात, काळा बूट धरतात, वहीची पानं फडफडवतात, जीभ काढतात. जिभेला मी दचकत नाही असं एकानं सिद्ध केलंय. दुसऱ्यानं ते खोडून काढलंय, पण त्याची जीभ जरा पांढरी होती. पाठीवरचा स्क्रू तर सारखा पिळतात. मला हसू आवरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्रानं आकडा दाखवला की तो देववाणी समजून लगेच कुणाच्या अंगावर धावून जाऊ नका. आमच्यापैकी कितीतरी जणी नुसत्या दचकलेल्या असतात. आधी उठून जागेवर जा, वाकून बघा. आणि माणसाला एकदा विचारा तरी. शिंका काढत का होईना, ते बिचारं खरं सांगत असतं.

बाकी तक्रार नाही. रात्री खोली बंद होते, काळोख होतो, समोरून काही म्हणता काही जात नाही. सकाळी कुलूप खडखडतं, दार उघडतं, पांढऱ्या सदऱ्यांची एक लाटच्या लाट आत घुसते आणि मी अशी दचकते म्हणून सांगू! दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो, आकडा धावत सुटतो. पूर्वी दचकले की मला वाटायचं, काहीतरी बिघडलं.

आता वाटतं, आली मुलं.